रोझमेरीला कोरडं नको, वाफसा हवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सुगंधी, वर्षभर हिरवं राहणारं आणि कमी पाण्यावर जगणारं झुडूप हवं म्हणून तुम्ही रोझमेरी निवडली. दोन वर्षांत तीन रोपं लावली. पहिली दोन वाळली, आणि तिसऱ्याची खालची पानं आता तपकिरी पडू लागली आहेत. आधी दिवसाआड पाणी घालत होतात, रोप वाळतंय असं दिसल्यावर रोज घालायला लागलात. आता विचारताय, पाणी अजून वाढवू का?

वाढवू नका. आज तर थेंबभरही घालू नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, ते निवांत वाचा, पण एवढं आधी करा.

‘किती पाणी’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी त्याचं उत्तर लिटरमध्ये देतच नाही. मी उलट विचारतो: पाणी घातल्यावर तुमची माती वाफशावर यायला किती वेळ लागतो? वाफसा म्हणजे जमिनीत ओल आहे, पण मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी उतरून गेलंय आणि तिथं हवा शिरलीय, अशी अवस्था. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला की फुटतो. रोझमेरीला कोरडी जमीन आवडते असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. तिला लवकर वाफशावर येणारी जमीन आवडते. वरून धो धो पाऊस पडला तरी काही तासांत मुळांभोवती पुन्हा हवा खेळली पाहिजे. हे जमलं तर ती बाकी बऱ्याच चुका पोटात घालते. हे जमलं नाही तर तुम्ही दिवसाआड पाणी घाला नाहीतर आठवड्यातून एकदा, रोप कधी ना कधी जाणारच.

आता पाणी जास्त झालेलं रोप वाळतं कसं, हे कोडं. मुळांना पाणी शोषायला ऑक्सिजन लागतो. चिबड मातीत तो मिळेना झाला की मुळं काम थांबवतात, मग कुजतात. म्हणजे रोप पाण्यात उभं असतं आणि तहानेलं असतं. त्यात रोझमेरीची आणखी एक खोड अशी की ती आजार उशिरा दाखवते. पान जाड, चिवट. छाटलेली फांदी नुसती ठेवून दिली तरी कितीतरी दिवस हिरवीच दिसते. तेव्हा मुळं मेलेलं रोपही काही दिवस हिरवंगार दिसत राहतं, आणि पानं तपकिरी पडू लागतात तेव्हा मुळांचं नुकसान जुनं झालेलं असतं. आपण ते तपकिरी पान बघतो, घाबरतो, आणि झारी उचलतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असावं.

‘असावं’ म्हणतोय, कारण रोप मी पाहिलेलं नाही. तुम्हालाच तपासता येईल. पाणी कमी पडलेल्या रोपाचे सगळे शेंडे साधारण एकाच वेळी माना टाकतात, पानांचा रंग करडा होतो आणि माती बोटाला कोरडी ठणठणीत लागते. पाणी जास्त झालेल्या रोपाची आधी खालची आणि आतली पानं पिवळी होऊन तपकिरी पडतात, बरेचदा एखादीच फांदी आधी जाते, आणि मातीत ओल असते. शंका उरली तर एका बाजूने माती उकरून चार मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ काळपट, लिबलिबीत असतं. चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरतो. वासही येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही.

माझं स्वतःचं शिक्षण असंच झालं. बावीसएक वर्षांपूर्वी एका बागेत दगडी भिंतीच्या पायथ्याशी मी रोझमेरीची दहा रोपं ओळीने लावली. हौस दांडगी, म्हणून हातभर खोल खड्डे काढले आणि निम्मे शेणखताने भरले. शेवटच्या खड्ड्याच्या जागी गवंड्याने राडारोडा टाकला होता, विटांचे तुकडे, खडी, जुना चुना. तो उपसायचा कंटाळा आला म्हणून तिथं रोप कसंबसं कोंबलं, खतही घातलं नाही. त्या दहाव्या रोपाची मला जरा दयाच येत होती. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन महिन्यांत नऊ रोपं गेली. राडारोड्यातलं दहावं पुढे कमरेपर्यंत वाढलं आणि मी ते काम सोडलं तेव्हाही निळ्या फुलांनी भरलेलं होतं.

तेव्हा मला कारण कळलं नव्हतं, नंतर वाचून आणि मार खाऊन कळलं. रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. चुनखडीचे उतार, वीतभर माती, खाली खडक. नावातही समुद्र आहे, लॅटिनमधल्या ‘रोस मरिनस’चा अर्थ समुद्राचं दव असा लावतात. (तिचं शास्त्रीय नाव आधी रोसमारिनस ऑफिसिनॅलिस होतं. 2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला साल्व्हिया प्रजातीत हलवलं, आता ती साल्व्हिया रोसमारिनस. रोपावरच्या चिठ्ठीवर यांपैकी काहीही असलं तरी झाड एकच. कूळ तुळशीचं आणि पुदिन्याचं.) पण माझ्या मते तिच्या माहेरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट दगड नव्हेत. तिथं पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे जमीन ओली असते तेव्हा ती गार असते, आणि गरम असते तेव्हा कोरडी. ओल आणि उष्णता एकत्र येणं तिच्या अनुभवातच नाही.

आणि मूळकूज करणाऱ्या फायटोफ्थोरा, पिथियम यांसारख्या बुरशीसदृश जीवांना बरोबर हीच जोडी फावते. त्यांचे बीजाणू मातीतल्या पाण्यात अक्षरशः पोहतात, एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जातात. पोकळ्यांत पाणी भरलेलं असेल तर त्यांना रस्ता मोकळा, हवा असेल तर बंद. म्हणून जिथं गरम ऋतूतच पाऊस पडतो तिथं रोझमेरी लावणाऱ्याने ‘दुष्काळ सोसणारं झाड’ या विशेषणावर फार विसंबू नये. दुष्काळ ती सोसते. उकाड्यातला चिखल सोसत नाही.

दुष्काळ कसा सोसते ते पानातच दिसतं. एक पान उलटं करून बघा. कडा आत वळलेल्या असतात आणि खाली पांढरट लव असते. पर्णरंध्रं त्या लवेत दडलेली, त्यामुळे वारा लागून पाणी उडून जात नाही. सुगंधी तेल पानावरच्या बारीक ग्रंथींत साठतं. सिनिओल, कापूर, पायनीन असे त्यातले घटक. म्हणूनच नुसता हात फिरवला तरी वास दरवळतो. हा वास फुलाचा नसून पानाचा आहे, त्यामुळे फुलोऱ्याची वाट बघावी लागत नाही. घरच्या बागेसाठी मला ती आवडते ती मुख्यतः यासाठी.

आता तुमच्या जागेबद्दल. माती कोणती, पाऊस कधी, ऊन किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. म्हणून आधी एक तपासणी करा. रोप लावायच्या जागी 30 सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या. पाण्याने काठोकाठ भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि आता तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. पाच सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर जमीन चांगली, थेट लावा. अडीच ते पाचच्या मध्ये असेल तर थोडा उंचवटा करून लावा. अडीचपेक्षा कमी असेल तर सपाट जमिनीत लावायचा विचार सोडा. पहिल्यांदा भरलेलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, त्यामुळे माप दुसऱ्या वेळचंच घ्यायचं. हे लोक हमखास विसरतात.

भारी काळ्या मातीत लोक एक ठरलेली चूक करतात, मीही केली: खड्डा काढून तो छान भुसभुशीत मिश्रणाने भरायचा. आजूबाजूची चिकण माती पाणी सोडत नाही, खड्ड्यातली भुसभुशीत माती पटकन पिते, आणि खड्ड्याची टाकी होते. रोप त्या टाकीत बसतं. दुसरी चूक म्हणजे चिकण मातीत थोडी बारीक वाळू मिसळणं. वाळूच्या कणांमधल्या फटी चिकण मातीने भरतात आणि झालीच तर ती अजून घट्ट होते. उपयोग व्हायचा तर खूप मोठ्या प्रमाणात जाड भरड घालावी लागते, तेवढा खटाटोप एका झुडपासाठी कुणी करत नाही. त्यापेक्षा वर चढा. मुरूम, बारीक खडी, विटांचे तुकडे आणि निम्मी बागेची माती यांचा 25 ते 30 सेंटिमीटर उंच, मीटरभर रुंद ढीग करा आणि रोप त्याच्या माथ्यावर लावा. खाली खणू नका, फक्त जमिनीचा वरचा थर कुदळीने मोकळा करा म्हणजे ढीग आणि जमीन जोडली जाईल. ओबडधोबड दिसतो, पण वर्षभरात झाड पसरतं आणि झाकून टाकतं.

रोपवाटिकेतून आलेलं रोप बहुतेक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. ते तसंच्या तसं मातीत ठेवलं तर मुळांचा गड्डा स्पंजासारखा ओला राहतो आणि मुळं बाहेर यायला मागत नाहीत. किंवा एकदा पूर्ण सुकला की वरून घातलेलं पाणी त्याच्या बाजूने निघून जातं, आत शिरतच नाही. दोन्ही वाईट. मी पिशवी काढून गड्डा बादलीत बुडवतो, निम्मं तरी कोकोपीट बोटांनी हलकेच सोडवतो आणि गोल फिरलेली मुळं मोकळी करतो. लावताना गड्ड्याचा माथा आजूबाजूच्या मातीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर राहील असं बघायचं, कारण माती बसते आणि रोप खाली जातं. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन नको, बारीक खडी पसरा. ती तण रोखते, पावसाचे शिंतोडे खालच्या पानांवर उडू देत नाही आणि बुंधा कोरडा ठेवते.

ऊन दिवसाचे सहा तास तरी थेट हवं, आठ मिळाले तर उत्तम. सावलीत ती मरत नाही, पण लांबुळकी, विरळ होते आणि वासही फिका पडतो.

पाण्याचं आता बोलू. पहिलं वर्ष ‘कमी पाण्याचं झाड’ हे शब्द विसरा. नव्या रोपाची मुळं वीतभरही गेलेली नसतात, त्याला कसला दुष्काळ सोसवणार? मात्र रोज घोट-घोट पाजू नका, त्याने मुळं वरच्या वरच राहतात. मी एक साधी बांबूची काडी रोपापासून वीतभर अंतरावर मातीत खुपसून ठेवतो. उपसून बघायची. खालचं बोटभर टोक ओलं असेल तर आज पाणी नाही. कोरडं असेल तर सावकाश, भरपूर, खोलवर जाईल असं घालायचं, आणि पुन्हा काडी कोरडी होईपर्यंत हात लावायचा नाही. हलक्या जमिनीत कडक उन्हाळ्यात हे तीन दिवसांनी येईल, भारी जमिनीत दहा दिवसांनी. म्हणून वेळापत्रक मागू नका, काडीला विचारा. एक पूर्ण उन्हाळा काढल्यानंतर जमिनीतल्या रोपाला अगदी कोरड्या काळातच अधूनमधून एक खोल पाणी पुरतं, आणि पावसाळी दिवसांत काहीच नाही.

कुंडीत मात्र ती कधीच दुष्काळ सोसणारी होत नाही, आणि हे कुणी सांगत नाही. तिचं बळ लांब पसरणाऱ्या मुळांत आहे, कुंडीत ती पसरणार कुठे? कुंडी पूर्ण कोरडी पडली तर ती सरळ मरते. इतर झाडं माना टाकून आधी इशारा देतात आणि पाणी मिळालं की उठतात, ही बहुधा उठत नाही. म्हणून कुंडी रोज उचलून वजन बघायची सवय लावा. आठवड्याभरात हाताला हलकी आणि जड यांतला फरक कळायला लागतो.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यायची पद्धत सोडून द्या, हे सांगितलं की बरेच जण माझ्याशी वाद घालतात. त्यांना मी स्पंज दाखवतो. आयताकृती स्पंज भिजवून आडवा धरा, पाणी गळायचं थांबेल. मग तोच उभा करा, पुन्हा पाणी गळतं. ओलाव्याचा एक थर तळाशी साचून राहतो आणि त्याची जाडी मिश्रणावर ठरते, खाली काय आहे त्यावर नाही. खाली खडी टाकली की तो ओला थर फक्त वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. त्यापेक्षा खडी पूर्ण मिश्रणात मिसळा आणि कुंडी उंच घ्या. माझं प्रमाण: दोन भाग बागेची माती, दोन भाग जाड वाळू किंवा तीन-चार मिलिमीटरची खडी, एक भाग चाळलेलं कंपोस्ट. मातीची कुंडी असेल तर फार बरं, तिच्या भिंतीतूनही ओल उडते. बशी ठेवायची असेल तर तिच्यातलं पाणी ओतून द्यायची जबाबदारी घ्या.

खताबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जमिनीत असेल तर वर्षातून एकदा ओंजळभर कंपोस्ट, कुंडीत दोनदा. नत्र जास्त झालं की मऊ, लुसलुशीत वाढ होते, ती कीड ओढवून घेते आणि वास कमी देते. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) 6 ते 7.5 च्या मध्ये असला की झालं, चुनखडीची जमीनही तिला चालते.

छाटणीचा एकच नियम, पण तो मोडला तर माफी नाही: पान नसलेल्या जुन्या लाकडात कापायचं नाही. बऱ्याच झुडपांना बुंध्यापासून छाटलं तरी फुटवे येतात. रोझमेरीच्या तपकिरी, बोडक्या लाकडावर डोळे बहुधा जागे होत नाहीत, ती फांदी खुंट होऊन राहते. म्हणून लहानपणापासून थोडं थोडं छाटत राहा. फुलं सरल्यावर हिरव्या वाढीचा साधारण तिसरा हिस्सा काढायचा, नेहमी खाली चार पानं शिल्लक ठेवून. पाच वर्षं दुर्लक्ष करून मग एकदम ‘आकार द्यायला’ बसणाऱ्यांनी झाडाचा नाद सोडून सरळ नवीन रोप करावं, ते स्वस्तात पडतं.

हवा दमट असेल तर दोन रोपांत 60 ते 90 सेंटिमीटर अंतर ठेवा आणि आतल्या गर्दीतल्या बारीक काड्या काढत जा. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. तिला औषधापेक्षा वारा आणि ऊन जास्त उपयोगी पडतात.

आणि एक गोष्ट खरीखुरी सांगतो. तुमच्याकडे वर्षातले तीन-चार महिने उकाडा आणि सततचा पाऊस असेल, तर जमिनीत रोझमेरी लावण्यासाठी एवढं झगडावं की नाही, हा प्रश्न आहे. मी अशा जागी ती कुंडीत ठेवतो आणि पावसात पन्हाळीखालून काढून छपराच्या आत, पण उजेडात सरकवतो. जमिनीतच झुडूप हवं असेल तर कुंती बघा, काही जण तिला कामिनी म्हणतात. तीही सदाहरित, रुजल्यावर पाण्याची ओढ बरीच सोसते आणि उष्ण, दमट हवा तिला घरचीच. वास मात्र फुलांचा, त्यामुळे बहर असेल तेव्हाच. हात फिरवला की दरवळणारं पान तिच्याकडे नाही.

आता तुमचं तिसरं रोप. ते वाचेल की नाही हे मुळं बघूनच कळेल, पण त्याआधी त्याची पिल्लं काढून घ्या. वरचे जे शेंडे अजून ताठ, हिरवे आणि वासाचे आहेत त्यांतले दहा-बारा निवडा, फूल नसलेले. खालून थोडे कडक झालेले आणि टोकाला कोवळे, 8 ते 10 सेंटिमीटर लांब. पेऱ्याच्या लगेच खाली धारदार कात्रीने कापा, खालच्या अर्ध्या भागातली पानं ओरबाडून काढा. निम्मी जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट असं मिश्रण दमट करून त्यात खोचा. थेट ऊन नको, पण लख्ख उजेड हवा. पाण्याच्या ग्लासात ठेवूनही मुळं फुटतात, मी तसं करत नाही, कारण पाण्यातली नाजूक मुळं मातीत लावताना मोडतात. चार ते सहा आठवडे लागतील, कधी आठही. मध्ये उपसून बघायचा मोह आवरा. शेंड्याला नवी पालवी दिसली आणि हलकेच ओढल्यावर काडीने धरून ठेवलं, की समजा लागली. दहांतल्या सहा लागल्या तरी मी खूश असतो. बियांच्या नादी लागू नका, उगवण कमी आणि संथ, शिवाय रोपं एकसारखी निघत नाहीत.

मग मूळ रोप उपसा. अर्ध्याहून जास्त मुळं पांढरी असतील तर काळी कापून टाका, वरची वाढही तेवढ्याच प्रमाणात कमी करा आणि कुंडीसाठी सांगितलेल्या मिश्रणात, मुळं जेमतेम मावतील अशा लहान कुंडीत लावा. मोठ्या कुंडीत नको, न वापरलेली माती ओली राहते. सगळी मुळं काळी असतील तर रोप टाकून द्या, कंपोस्टच्या ढिगात नाही. आणि काड्या लागल्या की त्यांतली एकही त्या जुन्या खड्ड्यात लावू नका. तीन रोपं ज्याने नेली तो तिथंच बसलेला असण्याची शक्यता आहे.